अर्थ मिळाला की दिवा लागतो

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वायरिंगवाल्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते, ‘‘गाडीला अर्थ मिळत नाहीये.’’ हा ‘अर्थ’ इंग्रजीतला, जमीन या अर्थाचा. मराठी कानाला मात्र तो वेगळाच ऐकू येतो. माझे थोरले मामू हे वाक्य दिवसातून दहादा म्हणत. त्यांचा ऑटो इलेक्ट्रिकचा गाळा होता आणि शाळा सुटल्यावर माझा मुक्काम तिथेच असे. पुढे मी कवितेच्या वाटेला लागलो. पण गाडीची वीज कुठे अडते हे शोधण्याची मामूंची रीत मनात पक्की बसली. आज तीच रीत तुमच्यापुढे ठेवणार आहे. निमित्त आहे डिझेल पिकअपचे.

आपल्याकडे पिकअप ही नुसती गाडी नाही. नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजारात नेणारी तीच, मंडपाचे सामान वाहणारी तीच, दुधाचे कॅन पोचवणारीही तीच. बहुतेक गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात. गाडी एक रात्र उभी पडली तर माल उतरतो, भाडे जाते, हप्ता मात्र थांबत नाही. शिवाय माळशेजच्या धुक्यात मागचे दिवे बंद पडलेली गाडी म्हणजे मागून येणाऱ्याला दिलेले मरणाचे आमंत्रणच. म्हणून हा विषय मिस्त्रीवर सोडून मोकळे होण्याचा नाही. मालकाला आणि ड्रायव्हरला त्याची तोंडओळख हवीच.

डिझेलला विजेची गरज किती?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात लागत नाही. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांचे असे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. हवा एवढी दाबायची म्हणजे इंजिन फिरवायला जोर लागतो. तो जोर देते ती सुरू करणारी मोटर. आपले मेकॅनिक तिला ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ फिरताना काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर प्रवाह ओढला जातो. म्हणूनच डिझेल गाडीची बॅटरी दांडगी आणि तिच्या केबली बोटाएवढ्या जाड असतात.

जुन्या पद्धतीच्या पंपाच्या डिझेल गाड्या एकदा सुरू झाल्या की पंपावरच्या एका छोट्या सोलेनॉइडला पुरेल एवढ्या विजेवर चालत राहत. आताच्या कॉमन रेल गाड्यांचे तसे नाही. त्यांच्यात डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे संगणकाची एक पेटी ठरवते. त्या पेटीला कमी दाबाची वीज मिळाली की धडधाकट इंजिनही अडून बसते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या गाड्यांतील सेन्सरची संख्या आणखी वाढली. त्यामुळे जुन्या मिस्त्रीची नजर आजही हवी, पण तिच्या जोडीला मल्टिमीटरही हवा.

गाडी काय सांगते ते ऐका

मामू दख्खनीत म्हणायचे, ‘‘पैले देखो, फिर मापो, फिर बदलो.’’ आपण नेमके उलटे करतो. आधी बदलतो, मग जमले नाही तर मोजतो, आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडून बघतो.

किल्ली फिरवल्यावर येणारा आवाज हा पहिला साक्षीदार. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवरचे दिवेही नाहीत, तर बॅटरीची टर्मिनले आणि मुख्य फ्यूज बघा. दिवे लागतात पण ‘टक’ असा एकच आवाज येतो, तर सेल्फचा सोलेनॉइड, जाड केबल किंवा अर्थ यांवर संशय घ्या. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. सेल्फ जड, घरघरत फिरतो, तर बॅटरी, केबल, अर्थ, सेल्फचे कार्बन या क्रमाने तपासा. आणि सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिने तिचे काम केले आहे. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली आहे का, फिल्टर तुंबला आहे का, जुन्या पंपाच्या गाडीत किल्ली ‘ऑन’ करताच सोलेनॉइडची ‘टिक’ ऐकू येते का, आणि थंडीच्या पहाटे हीटर प्लग तापतात का, हे बघा. डॅशबोर्डवरची वेटोळ्याची खूण विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. तिच्यासाठी थांबणे म्हणजे वेळ घालवणे नव्हे.

आता मोजणे. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि पाच-सहा आकडे लक्षात ठेवले की काम भागते. रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू असूनही आकडा १२.५ च्या आसपास रेंगाळत असेल तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. १५ च्या वर गेला तर तो बॅटरी उकळवतो आहे. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे, किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आहे.

हिरवट पट्टीची गोष्ट

आमच्याकडच्या एका तरुण भाजीवाहतूकदाराची गोष्ट सांगतो. साठ-सत्तर क्रेट टोमॅटो भरून झाले की त्याची पिकअप सुरू व्हायला तयार नसे. सकाळी गार असताना कशीबशी घ्यायची, फेरी करून तापली की सेल्फ घरघरून गप्प. पहिल्या दुकानात नवी बॅटरी बसवली. चार दिवस बरे गेले. मग दुसऱ्याने सेल्फ खोलून कार्बन बदलले. तिसऱ्याने अल्टरनेटर बदलायला सांगितला, तोही बदलला. पावसाळ्यात कमावलेले पैसे असे गेले आणि गाडी पुन्हा हमालांच्या धक्क्यावर आली.

शेवटी एका वयस्कर वायरिंगवाल्याने पाना न उचलता आधी मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवले आणि सेल्फ मारायला सांगितला. या दोन जागा जाड तांब्याने जोडलेल्या असायला हव्यात, म्हणजे त्यांच्यात जेमतेम अर्ध्या व्होल्टपर्यंतच फरक दिसायला हवा. मीटरने अडीच व्होल्ट दाखवले. बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी एवढा वाटा वाटेतच खर्ची पडत होता, सेल्फपर्यंत पोचतच नव्हता. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी विणलेली पट्टी हिरवी पडली होती. तिच्या बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर होता. पट्टी बदलली, बोल्टखालचा धातू घासून पांढरा केला, वरून व्हॅसलिन लावले. सगळे मिळून अर्धा तास आणि बॅटरीच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्च. गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली.

गाडीत बॅटरीकडून दिव्याकडे किंवा मोटरकडे एकच तार जाते. परतीची वाट असते गाडीच्या धातूच्या अंगातून. जायची वाट कितीही चांगली असली आणि परतीची अडली, तर प्रवाह अडतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याला चॅसिसशी जोडणारी ही पट्टी लागते. ती खराब झाली की वीज दुसऱ्या वाटा शोधते, कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी गिअरच्या केबलमधून, आणि त्या केबली तापतात. मागच्या दिव्यांचेही तसेच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेल लाइट लुकलुकतो, असा चमत्कार दिसला तर बल्ब बदलत बसू नका. त्या दिव्याचा अर्थ तुटलेला असतो. हौद्याखाली चिखल, खताचे पाणी, मासळीचे खारट पाणी झिरपते आणि तो सांधा पहिल्यांदा खाल्ला जातो.

रात्रीत बॅटरी कोण पितो?

संध्याकाळी गाडी ठीक, सकाळी बॅटरी मेलेली, अशी तक्रार असेल तर काहीतरी रात्रभर वीज पीत असते. बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून, टर्मिनल आणि खांब यांच्यामध्ये अँपिअर मोजायला मीटर लावा. मीटर दहा अँपिअरच्या खाचेत हवा. सेल्फ मात्र चुकूनही मारू नका, मीटर जळेल. नव्या गाडीत पेट्या झोपी जायला अर्धा तास द्या. मग दिसणारा प्रवाह सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतो. तो १ अँपिअर असेल तर ६० अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत रिकामी होते, आणि सेल्फ फिरवण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला टेप, चार्जर किंवा ट्रॅकर असतो, कारण त्याची तार किल्लीवर न घेता थेट बॅटरीवर घेतलेली असते.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला. त्यांचे रंग ठरलेले आहेत. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २०, हिरवा ३०. लाल उडतो म्हणून हिरवा घातला, किंवा सिगारेटची चांदी गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळते. आणि तार डॅशबोर्डच्या आत जळते, हात पोचत नाही तिथे.

या चुका महाग पडतात

पहिली, गाडी चालू ठेवून बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर भरतो का’ हे बघणे. जुन्या डायनामोच्या काळात हे खपून जाई. अल्टरनेटरवर असे केले की विजेचा दाब एकदम उसळतो आणि डायोडपासून संगणकाच्या पेटीपर्यंत काहीही जाऊ शकते.

दुसरी, मोठ्या ट्रकच्या बॅटरीवरून पिकअप सुरू करणे. हायवेवर ट्रकवाला मदतीला थांबतो ही त्याची माणुसकी, पण मोठे ट्रक बहुधा २४ व्होल्टचे असतात आणि आपली पिकअप १२ व्होल्टची. दुसऱ्या १२ व्होल्टच्या गाडीवरून घ्यायचे असेल तर आधी धन खांब धन खांबाला जोडा, मग मदत करणाऱ्या बॅटरीचा ऋण खांब, आणि शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावा. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघत असतो, म्हणून हा क्रम.

तिसरी, हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेली ठेवणे. आधी बॅटरीची टर्मिनले काढा. नव्या गाडीत संगणकाच्या पेटीबाबत कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे तेही बघा.

चौथी गोष्ट फार कमी मालकांना ठाऊक असते. अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्याच मागे व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकला मिळणारी मदत त्याच पंपातून येते. बेल्ट तुटला तर बॅटरी भरणे थांबतेच, पण ब्रेकही दगडासारखा कडक होतो. म्हणून बॅटरीचा लाल दिवा लागला असताना ‘घरापर्यंत जाईल’ म्हणून घाट उतरू नका. अल्टरनेटर बदलताना पंप आणि त्याची ऑइलची नळी नीट बसवली आहे ना, हे स्वतः बघा.

सुधारणा कोणत्या कराव्यात?

दुकानात गेले की चमकणारे बरेच काही दिसते. पण पहिली सुधारणा दिसत नाही अशीच असते. स्वच्छ टर्मिनल, चांगली जाड केबल, नवी अर्थ पट्टी, घट्ट आवळलेला बॅटरीचा क्लॅम्प. खडकाळ रस्त्यावर हलणाऱ्या बॅटरीच्या प्लेटा आतून मोडतात आणि दोष कंपनीला जातो.

दुसरी, हेडलाइटला रिले. अनेक जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या बटणातून फिरून येतो. लांबच्या वाटेत दाब गळतो, दिवा पिवळा पडतो. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणारा चौकीदार. बॅटरीजवळून फ्यूज लावून जाड तार रिलेतून दिव्यापर्यंत नेली की तोच ६० वॉटचा बल्ब पांढरा, लख्ख पडतो. बरेच जण हे न करता नुसता १०० वॉटचा बल्ब घालतात. प्रवाह तिथे १.६७ पट होतो, पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेतीनपट. जूल या शास्त्रज्ञाने हा नियम १८४१ मध्ये मांडला. तार आणि होल्डर वितळण्याचे कारण त्यात आहे.

तिसरी, एलईडी. हौद्यात माल बघायला एलईडी उत्तम, कमी विजेत भरपूर उजेड. मात्र हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडीचा बल्ब खुपसला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. तुम्हाला लख्ख दिसते आणि समोरच्या दुचाकीवाल्याला काहीच दिसत नाही. इंडिकेटरला एलईडी घातला तर अनेक गाड्यांत तो भराभर लुकलुकतो, कारण कमी प्रवाह बघून फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखे वाटते.

चौथी, मोठी बॅटरी. तिने गळती बंद होत नाही, फक्त टाकी मोठी होते. भरणारा नळ म्हणजे अल्टरनेटर तोच राहतो, आणि इंजिन संथ फिरत असताना तो पूर्ण क्षमतेने देतही नाही. आधी सगळ्या उपकरणांचे वॉट मांडा, बारा-तेराने भागा, किती अँपिअर होतात ते बघा आणि अल्टरनेटरवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. फ्रीझर, मोठे ध्वनिवर्धक अशा गोष्टी लावायच्या तेव्हाच मोठ्या अल्टरनेटरचा विचार करा.

पाचवी, जी सगळ्यात स्वस्त आहे, मागच्या लाल परावर्तक पट्ट्या आणि गाडीत ठेवलेला त्रिकोण. वीज पूर्ण गेली तरी ही दोनच साधने मागून येणाऱ्याला तुमची गाडी दाखवतात.

निरनिराळे सूर काढणारे हॉर्न नियमांत बसत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. शिवाय वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापली तर कंपनी हात वर करू शकते. नवे काही लावायचे तर वेगळा फ्यूज, वेगळी तार आणि तयार कनेक्टर वापरा. तार सोलून पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणे हा जोड नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वायरिंगवाल्याला वेळ द्या. ‘‘पटकन बघा, माल भरलाय,’’ असे म्हणत आपण त्याच्या डोक्यावर उभे राहिलो की तो अंदाजाने भाग बदलतो, आणि अंदाजाचे पैसे आपण भरतो. ‘‘आधी मीटर लावून दाखवा, आकडा काय येतो ते मला सांगा,’’ असे आदराने म्हणा. चांगला कारागीर त्याने खूशच होतो, कारण त्याच्या हातापेक्षा त्याच्या डोक्याला विचारणारे गिऱ्हाईक त्याला क्वचित भेटते.

आणि आज संध्याकाळी गाडी भरण्याआधी पाच मिनिटे काढा. हेडलाइट, डिपर, चारही इंडिकेटर, टेल लाइट लावून एक फेरी मारा. ब्रेक लाइट बघायला पोराला मागे उभे करा. बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा, हलले तर आवळा. बेल्टला चिरा गेल्या असतील तर बदला. इंजिनपासून चॅसिसकडे जाणारी ती विणलेली पट्टी शोधा. हिरवी पडली असेल तर ती उद्यावर टाकू नका.